चौदा मुक्काम नकोत, तीन पुरेत: निवृत्तीनंतरच्या निवांत प्रवासाविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणारे हे जोडपे. पती ६४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. पत्नी ६१ वर्षांच्या, शाळेतून निवृत्त. दोघांनाही रक्तदाबाची गोळी रोजची आहे, तो आटोक्यात आहे, आणि पतीचा उजवा गुडघा जिने चढताना दुखतो. त्यांच्या मनात दोन योजना आहेत. पहिली, पुढच्या वर्षी युरोपात ४५ दिवस. त्यांनी स्वतः आखलेल्या कार्यक्रमात ९ देश आणि १४ मुक्काम आहेत. दुसरी, घरच्या एसयूव्हीमागे जोडता येईल असा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, विकत घेऊन कोकण आणि विदर्भ सवडीने पाहायचा. दोन्ही योजना योग्य आहेत का, आणि यांतले आधी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

ज्येष्ठ जोडप्यांचे प्रवास आखून देण्याचे काम मी गेली बरीच वर्षे नौपाड्यातून करते. त्या अनुभवावरून पहिले मत स्पष्टपणे सांगते. तुमच्या दोन्ही योजनांतील इच्छा योग्य आहे, आखणी मात्र तिच्या उलट आहे. तुम्हाला निवांतपणा हवा आहे आणि तुम्ही अंतर विकत घेत आहात. निवृत्तीनंतरच्या प्रवासात पैसा आणि शरीर ही दोन्ही राहण्याने फारशी झिजत नाहीत, ती झिजतात मुक्काम हलवण्याने. हे एकदा ध्यानात घेतले की युरोपाचा कार्यक्रम आणि ट्रेलरचा निर्णय दोन्ही आपोआप बदलतात.

आधी तुमचा युरोपाचा कागद घेऊ. १४ मुक्काम म्हणजे १३ वेळा बिऱ्हाड हलवायचे. युरोपातील बहुतेक हॉटेले सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडायला सांगतात आणि नवी खोली दुपारी दोन-तीननंतर देतात. त्याआधी बॅगा भरणे, स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, डब्याच्या पायऱ्यांवरून सामान चढवणे, उतरल्यावर नवा पत्ता शोधणे, एवढे सगळे करून संध्याकाळी माणूस पलंगावर बसतो तेव्हा तो दिवस संपलेला असतो. तुमच्या ४५ दिवसांतले जवळजवळ १३ दिवस असे जातील, जाण्यायेण्याच्या विमानाचे २ दिवस वेगळे. शिवाय दर मुक्कामानंतरचा पहिला अर्धा दिवस दूध कुठे मिळते, ट्रामचे तिकीट कसे काढायचे, हे समजण्यात जातो. तिशीतल्या माणसाला याचे काही वाटत नाही. तुमच्या गुडघ्याला वाटेल, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एकमेकांवर चिडू लागाल. चौथ्या देशात पोहोचल्यावर ‘आता घरी जाऊ’ असा फोन मला अनेकदा आलेला आहे, आणि तो जवळजवळ नेहमी अशाच कार्यक्रमातून आलेला आहे.

त्याऐवजी मी तुम्हाला तीन घरे सुचवते. व्हिएन्नात १७ रात्री, इटलीत बोलोन्या येथे १५ रात्री आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्न येथे १० रात्री. व्हिएन्ना ते बोलोन्या हा रेल्वेप्रवास दिवसभराचा होतो, म्हणून वाटेत ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला फिलाख येथे एक रात्र थांबावे. विमानाचे तिकीट जाताना व्हिएन्नाचे आणि परतताना झुरिकचे काढावे. एकाच शहरात परत येण्यासाठी उलटा प्रवास करण्याची गरज नाही.

व्हिएन्ना मी ज्येष्ठांना प्रथम का सुचवते याची कारणे अगदी साधी आहेत. भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांचे जाळे दाट आहे, बऱ्याच ट्रामगाड्यांचा तळ फलाटाच्या पातळीला असल्यामुळे पाय उंच उचलावा लागत नाही, आणि नळाला आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी येते; त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली. बाटल्या विकत घेऊन चौथ्या मजल्यावर नेण्याचा प्रश्न उरत नाही. तेथून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने सुमारे तासाभरावर आहे, डॅन्यूबकाठचा मेल्क येथील मठही तेवढ्याच अंतरावर, आणि बुडापेस्टला पावणेतीन तासांत जाता येते. सकाळी निघून रात्री आपल्याच पलंगावर येता येते, त्यामुळे देश मोजायचेच असतील तर तेही तीन होतात. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. दूध, पाव, भाजी शनिवारी संध्याकाळपूर्वी आणून ठेवा.

बोलोन्याचे नाव आपल्याकडे रोम किंवा व्हेनिसइतके घेतले जात नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य आहे. या शहरात एकूण सुमारे ६२ किलोमीटर लांबीचे छतबंद कमानी पदपथ आहेत. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ऊन असो वा पाऊस, सावलीतून आणि बऱ्याच अंशी सपाट रस्त्याने चालता येते. फ्लोरेन्स जलद गाडीने पाऊण तासाच्या आत, फेरारा अर्ध्या तासावर, मोझेइकसाठी प्रसिद्ध असलेले रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास, व्हेनिस दीड तासावर. व्हेनिसमध्ये राहण्यापेक्षा हे मला कधीही पसंत आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या असतात आणि चाकांची बॅग त्या पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागते. दिवसभर व्हेनिस रिकाम्या हातांनी पाहावे आणि संध्याकाळी निघावे.

लुत्सर्न महाग आहे हे मान्य. म्हणून ते शेवटी आणि सर्वांत कमी दिवसांसाठी ठेवले आहे. मिलानहून तिकडे जाणारी गाडी गोठार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. २०१६ साली सुरू झालेला हा जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. आपल्याला कसाऱ्याच्या घाटातले बोगदे खिडकीतून मोजण्याची सवय असते, हा मात्र एकच बोगदा बराच वेळ संपत नाही. लुत्सर्नला गेल्यावर महिनाभर चालणारे हाफ फेअर कार्ड घ्यावे. रेल्वे, बोटी आणि बहुतेक पर्वतीय गाड्यांचे भाडे निम्मे होते. सलग दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास रोज भटकणाऱ्यांसाठी चांगला आहे. तुम्ही दोन दिवस फिरून तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी बसणार असाल, आणि बसावेच, तर बसण्याच्या दिवसाचेही पैसे त्या पासात जातात.

घर भाड्याने घेताना छायाचित्रांतील पडद्यांकडे पाहू नका, चार गोष्टी लेखी विचारा. लिफ्ट आहे का आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला पायऱ्या आहेत का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युरोपातील जुन्या इमारतींत लिफ्ट बऱ्याचदा अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. स्नानगृहात बाथटब आहे की सपाट जमिनीचा शॉवर, हेही विचारा, कारण दुखऱ्या गुडघ्याने टबचा काठ ओलांडणे हे त्या घरातले सर्वांत धोक्याचे काम असते. किल्ली माणूस देणार की दाराला सांकेतिक अंक असणार, तेही समजून घ्या. आणि शेगडी कोणती ते पाहा. तेथे बहुधा काचेची विद्युत शेगडी किंवा इंडक्शन असते. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. न्यायचा असेल तर इंडक्शनला चालणाऱ्या तळाचा लहान स्टीलचा कुकर न्या. महिनाभराच्या मुक्कामाला अनेक घरमालक सवलत देतात, पंधरवड्यालाही काही जण देतात, ती मागायला संकोच करू नका.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत आपली मंडळी हमखास अडकतात. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून वैयक्तिक सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, घरचे तूप, हे सगळे ठाण्यातच ठेवायचे. ताजी फळे आणि भाज्या यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढेच त्याला अपवाद आहेत. नारळ चालतो आणि कढीपत्त्याची जुडी चालत नाही, अशी ही मौजेची स्थिती आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुले, पोहे, डाळी न्यायला अडचण येत नाही. फक्त ती बंद पाकिटांत आणि नाव लिहिलेली असावीत.

इथेच एक गोष्ट सांगते, जी मी प्रत्येक जोडप्यातील पतीला उद्देशून सांगते. घर भाड्याने घेऊन राहण्याची पद्धत स्वस्त आणि आरोग्याला बरी, हे खरे; पण तिच्यात एक सापळा आहे. ठाण्यातले स्वयंपाकघर व्हिएन्नात उघडले आणि उभे राहणारे माणूस तेच राहिले, तर त्या माणसाची सुट्टी झालीच नाही. नाश्ता घरी, दुपारचे जेवण बाहेर, रात्री खिचडी किंवा सूप, आणि भांडी दुसऱ्याने घासायची, एवढे निघण्यापूर्वी ठरवा. त्याचप्रमाणे आठवड्यातून एक अर्धा दिवस दोघांनी वेगवेगळे फिरावे. निवृत्तीपूर्वी दिवसाचे नऊ-दहा तास तुम्ही वेगळे राहत होता. ४५ दिवस एका खोलीत चोवीस तास बरोबर राहण्याचा सराव बहुतेकांना नसतो.

व्हिसासंबंधी. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात; स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेनमध्ये आहे. ज्या देशात सर्वाधिक राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, म्हणजे फिलाखची रात्र धरून १८ रात्रींमुळे तुमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी व्हायला हवा, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. पारपत्र परतण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावे. अल्पमुदतीच्या मुक्कामाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस आहे, तेव्हा ४५ दिवसांना हरकत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला रांग लांबते, म्हणून उतरल्यावर लगेचची पुढची गाडी आरक्षित करू नका.

विम्याच्या अर्जात रक्तदाब लपवू नका. ‘गोळीने नियंत्रणात आहे, मग कशाला लिहायचे’ असा विचार अनेक जण करतात, आणि गरज पडते त्या दिवशी दावा फेटाळला जातो. लिहिल्यानंतरही बहुतेक पॉलिसी आधीपासूनच्या आजारावर फक्त जीवघेण्या तातडीच्या प्रसंगीच खर्च देतात, आणि साठीनंतर काही उपचारांच्या रकमेला पोटमर्यादा असतात. ते कलम विक्रेत्याकडून ऐकू नका, पॉलिसीच्या कागदात वाचा. गोळ्या ४५ दिवसांच्या आणि वर किमान १५ दिवसांच्या घ्या, मूळ पाकिटांत ठेवा, दोघांच्या हातसामानात निम्म्या-निम्म्या वाटा आणि डॉक्टरांकडून औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाही. पुढे कधी जपानला दीर्घ मुक्काम करावासा वाटला तर लक्षात असू द्या की तिथे महिन्याहून अधिक पुरणारी डॉक्टरी औषधे नेण्यासाठी आगाऊ परवानगीपत्र काढावे लागते.

विमानतळावर चाकांची खुर्ची मागायला तुम्ही तयार नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. मागा. तिकिटाच्या वेळीच नोंद करा आणि प्रवासाच्या ४८ तास आधी पुन्हा खात्री करा. मोठ्या विमानतळांवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचे अंतर तुमच्या रोजच्या उपवन तलावाच्या फेरीएवढे सहज असू शकते, तेही हातात सामान आणि डोक्यावर घड्याळ घेऊन.

ठाण्यातल्या घराची व्यवस्था हा भाग लोक शेवटच्या रात्री उरकतात. पाइप गॅसची मुख्य झडप बंद करणे, महावितरणच्या खात्यात आगाऊ रक्कम भरणे, सोसायटीच्या कार्यालयात तारखांसह पत्र देणे, एवढे तर कराच. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबर सांभाळावा. हयातीच्या दाखल्याचा तो महिना आहे, आणि त्या वेळी बाहेर असाल तर मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय कशी चालते ते निघण्यापूर्वी एकदा करून पाहा. बँकेचे ओटीपी भारतीय क्रमांकावर येतात, म्हणून किमान एका सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू ठेवा. दोघांच्या नावावर स्वतंत्र कार्डे हवीत आणि दोघांनाही ती वापरता यायला हवीत. सगळे व्यवहार एकाच्या मोबाइलवर असलेले जोडपे परदेशात फार असुरक्षित असते. तो मोबाइल हरवला किंवा तो माणूस आजारी पडला की दुसऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. प्रवास कंपनीकडून पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो खर्च समजू नका, विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते.

आता ट्रेलर. तुम्ही पाहून ठेवलेला ट्रेलर दोन पलंग, छोटे स्वयंपाकघर, शौचालय आणि वातानुकूलन असलेला आहे. त्याचे आकर्षण मला कळते. परंतु तो विकत घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही.

पहिला प्रश्न ओढण्याचा. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची कमाल क्षमता किलोग्रॅममध्ये दिली आहे का ते पाहा. आपल्याकडील अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ती नसते, आणि जिथे नसते तिथे ‘इंजिन ताकदवान आहे, ओढेल’ या विक्रेत्याच्या वाक्याला किंमत नाही. ओढणे इंजिनाचे काम असते, थांबवणे ब्रेकचे, आणि उतारावर थांबवणेच महत्त्वाचे असते. ट्रेलरचे वजन मोजताना रिकामे वजन धरू नये. १०० लिटर पाण्याची टाकी भरली की १०० किलो वाढले. त्यावर बॅटऱ्या, गॅस, भांडी, अंथरुणे. या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या जोडावर पडायला हवा. मागे सामान जास्त भरल्यामुळे तो कमी झाला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा झोल सुरू झाला की नवख्या चालकाची पहिली प्रतिक्रिया, म्हणजे जोरात ब्रेक मारणे, बहुधा चुकीची ठरते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत, घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरावे, आणि मोकळ्या रस्त्यावरही वेग ताशी ८०च्या आत ठेवावा. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपासून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर खुला आहे, आणि विदर्भासाठी तो सोयीचा आहे. पण तापलेल्या काँक्रीटवर तासन्तास चालताना टायरची परीक्षा होते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिच्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. वापर कमी असलेल्या ट्रेलरचे टायर दिसायला नवे आणि वयाने जुने असतात.

कागदपत्रांच्या बाबतीत, मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. त्याचा विमाही वेगळा उतरवावा. गाडीला मागचा जोड बाहेरून बसवून घेतल्याने गाडीच्या वॉरंटीवर आणि विम्यावर काय परिणाम होतो, हे दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या. नोंदणीचे कागद दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

दुसरा प्रश्न जागेचा. घोडबंदर रस्त्यावरील सोसायटीत एका गाडीची जागा मिळवताना काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. सहा मीटरचा ट्रेलर तिथे मावणार नाही, आणि मावला तरी समिती सभेत विषय निघेल. मग तो भिवंडीकडे कुठल्या तरी गोदामाच्या आवारात भाडे देऊन ठेवावा लागतो. वर्षातले चार महिने पाऊस, त्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा, मार्चनंतरचे ऊन, असे धरले तर निवांत राहण्याचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच उरतात. उरलेला काळ तो बंद पेटीत दमट हवेत उभा राहील. गाद्यांना बुरशी येईल, बॅटऱ्या उतरतील.

तिसरा प्रश्न विजेचा आणि मैल्याचा, ज्याविषयी प्रदर्शनात कोणी बोलत नाही. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी जास्तीत जास्त १.२ युनिट वीज साठवते. एक टनाचा वातानुकूलक चालू असताना साधारण तेवढीच वीज तासाभरात घेतो. म्हणजे बॅटरीवर दिवे, पंखा, मोबाइल आरामात चालतात. रात्रभर एसी चालत नाही, त्यासाठी बाहेरून १६ अँपिअरची जोडणी हवी, आणि तिचे अर्थिंग तपासलेले हवे. शौचालयाची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. अमेरिकेत कॅम्पच्या जागी पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी मिळते आणि टाकी ओतण्याची वेगळी केंद्रे असतात. आपल्याकडे ती नसल्यातच जमा आहेत. परवानगी घेऊन एखाद्या रिसॉर्टच्या शौचालयातच ती ओतावी लागते. घरगुती सिलिंडर आत ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तळाशी साचतो, म्हणून तळालाच झरोका हवा. शक्य असेल तर इंडक्शनवर भागवा.

शेवटी पुन्हा मुक्काम हलवण्याचा मुद्दा येतो. ट्रेलर हलवणे म्हणजे पाणी भरणे, आतले सगळे बांधणे, जोड लावणे, दिवे तपासणे, पोहोचल्यावर समतल करणे आणि ट्रेलरचे आधाराचे पाय जमिनीला टेकवणे. प्रत्येक वेळी एक-दीड तास, त्यातला बराचसा वाकून. शिवाय मागे नेताना सुकाणू उलट्या दिशेने फिरवावे लागते, आणि कोकणातल्या दगडी गडग्यांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की मागे जाण्याखेरीज मार्ग नसतो.

माझी सूचना अशी आहे. जानेवारीत चालकासह मिळणारी मोटार कॅराव्हॅन आठ-दहा दिवसांसाठी भाड्याने घ्या. महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले आणि या व्यवसायाला त्यामुळे चौकट मिळाली. ठरवताना रोजच्या किलोमीटरची मर्यादा, चालकाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय कोणाची, आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार, हे लिहून घ्या. चालकाच्या झोपण्याचा विषय लोक विसरतात आणि मग पहिल्या रात्री अवघडल्यासारखे होते. रात्रीचा थांबा एमटीडीसीच्या किंवा खासगी रिसॉर्टच्या आवारात, आधी फोन करून, विजेची जोडणी मिळेल याची खात्री करून ठरवावा. समुद्रकाठच्या वाळूत गाडी उतरवण्याचा मोह टाळा. ती रुतते आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

मार्ग हरिहरेश्वर, मग गुहागर-वेळणेश्वर, मग गणपतीपुळे असा ठेवा. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री. वाटेत बाणकोट खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ ते धोपावे आणि पुढे तवसाळ ते जयगड अशी वाहने नेणारी फेरीबोट आहे. जंगलजेटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बोटींमुळे बराच वळसा वाचतो आणि प्रवासातला सर्वांत रम्य अर्धा तास मिळतो. फक्त एवढे पाहा की पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि ज्या वाहनाचा मागचा भाग मागच्या चाकांपासून बराच मागे आलेला असतो त्याचा तळ तिथे घासतो. आधी फोन करून वाहनाची लांबी व उंची सांगावी आणि भरतीच्या आसपासची फेरी निवडावी. उंचीचा विचार गावांच्या स्वागतकमानी, लोंबत्या तारा आणि फणसाच्या फांद्या यांच्यासाठीही करावा लागतो. महिनाभर पुढे ढकलून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गेलात तर वेळास किंवा आंजर्ले येथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्याची शक्यता असते. ती पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, आणि मुक्कामाची घाई नसलेल्यालाच ती दिसतात.

विदर्भ पुढच्या हिवाळ्यात घ्या. समृद्धी महामार्गावरून मेहकरजवळ उतरून लोणार, मग चिखलदरा. तिथे मात्र मी कॅराव्हॅन सुचवणार नाही. चिखलदऱ्याची वळणे मोठ्या वाहनाला त्रासाची आहेत आणि लोणारला चांगला निवास उपलब्ध आहे; तुमची स्वतःची गाडी आणि दोन ठिकाणी चार-चार रात्री, हे पुरे.

ट्रेलर घेणे शहाणपणाचे ठरेल अशी एक परिस्थिती आहे. मुरबाड किंवा शहापूरकडे तुमची स्वतःची जमीन असेल, तिथे पाणी, वीज आणि शोषखड्डा असेल, आणि ट्रेलर वर्षातून फार तर दोनदा हलवायचा असेल, तर तो उत्तम खोली म्हणून उपयोगी पडतो. नेरुळच्या एका जोडप्याने असेच केले आहे आणि ते समाधानी आहेत.

‘आधी काय’ याचे उत्तर: आधी कॅराव्हॅन, मग युरोप. नऊ-दहा दिवस लहान जागेत दोघांनी राहून पाहिले की गुडघा किती चालतो, सामानातले किती वापरले गेले, आणि दिवसाला किती फिरणे पुरे होते, हे कळेल. त्यावरून व्हिएन्नातले दिवस वाढवायचे की लुत्सर्नचे कमी करायचे ते ठरवता येईल. युरोपासाठी सप्टेंबर धरा. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, हवा चालण्यासारखी असते, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परत येऊन नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला तुम्ही ठाण्यात असाल. त्या हिशेबाने कोकणातून आल्यावर मार्चमध्ये तिन्ही घरे रद्द करता येतील अशा अटीवर आरक्षित करा, एप्रिलमध्ये विमा आणि बँकेचे कागद जमवा, आणि व्हिसाच्या भेटीची वेळ मे महिन्यातच घ्या. जून-जुलैत मुंबईतील केंद्रांवर सुट्ट्यांची गर्दी असते आणि मनासारखी तारीख मिळत नाही.